पट किती, आणि कितीपैकी? कोल्हापुरातल्या सरकारी शाळांची तुलना कशी करावी

मार्च उजाडला की कोल्हापुरात चौकाचौकांत शाळांचे फ्लेक्स लागतात. खासगी शाळांचे चकचकीत असतात. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांचे थोडे साधे, त्यावर 'गुढीपाडवा, पट वाढवा' आणि शिष्यवृत्तीत चमकलेल्या पोरांचे फोटो. जरगनगरातल्या महापालिकेच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात पहिलीच्या प्रवेशासाठी पालक रात्रीपासून रांग लावतात, अशा बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. त्याच जिल्ह्यात शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर वीसच्या आत पट असलेल्या शाळाही आहेत. दोन्ही सरकारीच. तेव्हा 'सरकारी शाळा चांगली की वाईट' या वादात वेळ घालवू नये. आपल्या टापूतली कोणती शाळा कशी चालली आहे, हा प्रश्न कामाचा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी शोधता येतं.

कट्ट्यावर दोनच आकडे फिरतात: एकूण पट किती, आणि शिष्यवृत्तीत किती पोरं आली. दोन्ही आकडे अर्धे आहेत. 'कितीपैकी?' आणि 'गेल्या वर्षी किती?' हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. पहिलीला मूल घालणारे पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि ग्रामसभेत शाळेबद्दल बोलू इच्छिणारी मंडळी, सगळ्यांना ही पद्धत वापरता येईल.

कुणाची तुलना कुणाशी

सुरुवातीला चार-पाच शाळांची यादी करा, त्याहून मोठी नको. शिक्षण हक्क कायद्यानुसार राज्यात पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर हे अंतर धरलं आहे, तेच वर्तुळ घ्या. शहरात या वर्तुळात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा येतील. खेड्यात जिल्हा परिषदेच्या: विद्या मंदिर, कुमार विद्या मंदिर, कन्या विद्या मंदिर. इचलकरंजीच्या जुन्या नगरपालिका शाळा 2022 पासून महापालिकेच्या झाल्या. म्हणजे जुन्या आणि नव्या कागदांत व्यवस्थापनाचं नाव वेगळं दिसेल, शाळा मात्र तीच.

यादीतल्या प्रत्येक शाळेपुढे इयत्ता लिहा. हे क्षुल्लक वाटतं, पण निम्म्या चुकीच्या तुलना इथेच होतात. काही शाळा पहिली ते चौथी आहेत, काही सातवीपर्यंत, काहींना आठवीही जोडली आहे. चौथीपर्यंतच्या शाळेचा पट शंभर आणि सातवीपर्यंतच्या शाळेचा दीडशे असेल, तर दुसरी मोठी असं म्हणता येत नाही. पहिल्या शाळेत दर इयत्तेला पंचवीस मुलं आहेत, दुसऱ्या शाळेत एकवीस.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. बहुतेक अनुदानित हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात. चौथी झाली की बरीच मुलं जवळच्या हायस्कूलला जातात आणि सातवीपर्यंतच्या प्राथमिक शाळेचा पट पाचवीला घसरतो. ती घसरण पाहून 'शाळा बसली' असं ठरवू नका. मात्र पाचवीची मुलं हायस्कूलला न पाठवता तिथेच ठेवावीत असं पालकांना वाटत असेल, तर ती त्या शाळेची मोठी पावती आहे.

माध्यमही नोंदवा: मराठी, सेमी इंग्रजी, उर्दू. उर्दू शाळेचा पट शेजारच्या मराठी शाळेशी ताडून काहीच कळत नाही, कारण तिथे येणारी मुलं आणि अंतरं वेगळी असतात.

युडायस क्रमांक काढा

युडायस म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती नोंदवणारी सरकारी प्रणाली. तिच्यात प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तालुका, गाव आणि शाळा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक 2734 ने सुरू होतो. शाळेच्या फलकावर, शिक्क्यावर किंवा मुलाच्या दाखल्यावर तो सापडतो. विद्या मंदिर नावाच्या शाळा गावोगाव असल्यामुळे नावावरून शोधत बसू नका, क्रमांकावरूनच शोधा.

युडायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' असा विभाग आहे. तिथे लॉगिन न करता शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं: मुलं-मुली, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, वीज, संगणक, ग्रंथालय. मागची वर्षंही निवडता येतात. यादीतल्या प्रत्येक शाळेची चार-पाच वर्षांची पत्रकं उतरवून घ्या.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. 2022-23 पासून युडायसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. त्याआधी शाळा फक्त एकूण आकडे भरत असत. त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी पट घटलेला दिसतो, त्यात खरी घट किती आणि दुबार नावं गळाल्याचा भाग किती, हे कागदावरून वेगळं काढता येत नाही. म्हणून 2021-22 आणि 2022-23 या दोन आकड्यांमधली उडी पुरावा म्हणून वापरू नका. रेषा 2022-23 पासून पुढे ओढा.

शाळेत गेलात तर तिसराच आकडा कानावर पडेल, संचमान्यतेचा. शिक्षकांची पदं त्यावरून ठरतात आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. वर्गात तीस मुलं बसली आहेत आणि संचमान्यतेत सत्तावीस, असं होतं. तिघांचं आधार जुळलेलं नसतं, एवढंच. आपल्या तक्त्यात सगळ्या शाळांसाठी एकच स्रोत वापरा. एका शाळेचा हजेरीपट आणि दुसऱ्या शाळेचा युडायस आकडा शेजारी ठेवलात की तुलना तिथेच फसली.

पट वाचायचा तो इयत्तेनिहाय

एका उदाहरणावर थांबून पाहू. शाळा आणि आकडे दोन्ही समजण्यापुरते कल्पलेले आहेत.

शाळा 'अ' सातवीपर्यंत, एकूण पट 212. इयत्तावार: 38, 36, 35, 34, 25, 23, 21.
शाळा 'ब' चौथीपर्यंत, एकूण पट 96. इयत्तावार: 29, 25, 22, 20.

गावात 'अ'चा दबदबा असणार. आता गेल्या पाच वर्षांचा फक्त पहिलीचा पट पाहा.

'अ': 46, 44, 43, 40, 38.
'ब': 17, 20, 20, 24, 29.

'अ'कडे पहिलीला येणारी मुलं दरवर्षी कमी होत आहेत, 'ब'कडे वाढत आहेत. पालक यंदा काय ठरवत आहेत ते सगळ्यात आधी पहिलीच्या पटात उमटतं. एकूण पटात ते दिसायला चार-पाच वर्षं लागतात, कारण वरच्या वर्गांत जुन्या निर्णयांची मुलं बसलेली असतात.

यापुढची पायरी सहसा कुणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी तीच आहे. एकच तुकडी धरून वर चढत जा. 'अ'मध्ये आज चौथीत 34 मुलं आहेत. हीच मुलं तीन वर्षांपूर्वी पहिलीत होती तेव्हा 44 होती. आजच्या तिसरीत 35, ती पहिलीत 43 होती. दुसरीत 36, पहिलीत 40. म्हणजे प्रत्येक तुकडीतून मुलं मध्येच बाहेर पडत आहेत. 'ब'मध्ये चौथीची तुकडी 20 ची 20 राहिली, तिसरीची 20 वरून 22 झाली आणि दुसरीची 24 वरून 25. तिथे आलेलं मूल टिकतं, शिवाय बाहेरून एखाद-दुसरं येतं.

आता 'अ'च्या मुख्याध्यापकांना विचारायचा प्रश्न तयार झाला: ही दहा मुलं कुठे गेली? उत्तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे. दाखला कोणत्या कारणाने आणि कोणत्या शाळेसाठी काढला, याची नोंद तिथे असते. दहापैकी सात जण बसने इंग्रजी माध्यमाला गेले असतील तर एक गोष्ट, आणि सातही कुटुंबं कामासाठी गाव सोडून गेली असतील तर अगदी वेगळी.

पट हलण्याची काही कारणं शाळेच्या गुणवत्तेशी अजिबात संबंधित नसतात, ती आधी बाजूला काढावी लागतात. कागल, शिरोळ, हातकणंगले पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याजवळच्या शाळांत तात्पुरती मुलं येतात आणि टोळी परतली की जातात. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, त्यामुळे सप्टेंबरच्या पटात ती नसतात आणि जानेवारीत गेलात तर असतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींच्या शेजारच्या गावांत परप्रांतीय कामगारांची मुलं पट राखून आहेत, आणि ती कुटुंबं खोली बदलली की शाळाही बदलतात. तिथली गळती शिकवण्यातली त्रुटी समजणं शिक्षकांवर अन्याय आहे. कुमार आणि कन्या शाळा एकत्र केल्या असतील तर एका वर्षात पट दुप्पट झालेला दिसेल. आणि डोंगरी वाडीवर जन्मच कमी असतील तर पहिलीचा पट वाढणार कुठून? यासाठी अंगणवाडीसेविकेकडे विचारा: यंदा पहिलीला जाण्याजोगी मुलं किती आणि त्यातली आपल्या शाळेत किती आली? दाखलपात्र आठपैकी सात मुलं मिळवणारी वाडीवरची शाळा, साठपैकी एकोणतीस मिळवणाऱ्या मोठ्या गावच्या शाळेपेक्षा पालकांचा जास्त विश्वास कमावून आहे.

शिक्षक: किती, कोण, किती दिवस

कायद्याचा हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, 121 ते 200 ला पाच, आणि दीडशेच्या वर स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना किमान एकेक. आपल्या 'ब' शाळेला 96 मुलांसाठी चार शिक्षक हवेत. प्रत्यक्षात तीनच असतील, तर एक गुरुजी दोन वर्ग सांभाळतात. तिथला निकाल थोडा कमी दिसला तरी तो या संदर्भात वाचायला हवा.

कागदावरची मंजूर पदं आणि वर्गातली माणसं यांत फरक असतो. दीर्घ रजा, दुसरीकडे तात्पुरती नेमणूक, निवडणुकीचं बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून काम हे सगळं विचारून घ्या. कोणते शिक्षक किती वर्षांपासून तिथे आहेत, हेही विचारा. जिल्हा परिषदेच्या बदल्या ऑनलाइन होतात आणि एका फटक्यात अर्धी शाळा बदलू शकते. शाळेचं नाव पाच वर्षांपूर्वी ज्या बाईंमुळे झालं, त्या आता दुसऱ्या तालुक्यात असतील. नाव मात्र मागे राहतं, आणि रांगही.

शिष्यवृत्तीचा फलक

कोल्हापूरला शिष्यवृत्तीचं फार कौतुक, आणि ते योग्यही आहे. शिक्षक सुट्टीत जादा तास घेतात. पण फलक वाचायची पद्धत हवी.

ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, प्रत्येकी 150 गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के मिळाले की मूल 'पात्र' ठरतं. 'शिष्यवृत्तीधारक' होणं त्याच्या बरंच पुढचं आहे, कारण संच, म्हणजे द्यायच्या शिष्यवृत्तींची संख्या, मर्यादित असतात आणि यादी गुणानुक्रमाने लागते. फलकावर कधी पात्र मुलांचा आकडा असतो, कधी धारकांचा. दोन शाळांचे फलक शेजारी ठेवण्याआधी दोन्हींवर कोणता आकडा आहे ते बघा. इयत्ताही तपासा: 2016-17 पासून ही परीक्षा पाचवी-आठवीला होती, आणि 2025 मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचं ठरलं. चौथीपर्यंतच्या शाळांना मधल्या वर्षांचे निकाल नसणारच.

आता 'कितीपैकी'. एका शाळेत पाचवीत 25 मुलं, परीक्षेला बसवली सहा, पात्र पाच. 'निकाल 83 टक्के' असं छापलं तरी ते खोटं नाही. दुसऱ्या शाळेत 24 मुलं, बसली 24, पात्र तेरा. निकाल 54 टक्के. वर्गाच्या पटाशी भागलं तर पहिल्या शाळेचे 20 टक्के आणि दुसऱ्या शाळेचे 54. माझं मूल वर्गात पहिलं येणार नाही हे मला माहीत असेल, तर मी दुसऱ्या शाळेत घालीन. पहिल्या शाळेत उरलेल्या एकोणीस मुलांचं त्या वर्षी काय झालं, ते फलकावर येत नाही.

आठवीच्या एनएमएमएस परीक्षेलाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) हाच नियम. त्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण उत्पन्नाची अट असल्यामुळे सगळी मुलं बसूच शकत नाहीत. कागलच्या नवोदय विद्यालयात किती मुलं लागली यावरून शाळा जोखू नका. तिथे जागा मोजक्या आणि स्पर्धा सगळ्या जिल्ह्याची, त्यामुळे एखादं मूल लागणं न लागणं यात नशीबही असतं.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, 2024 चं केंद्राचं परख सर्वेक्षण किंवा प्रथम संस्थेचा 'असर' अहवाल यांत कोल्हापूर कितवं आलं, याची चर्चा होते. ती नमुना सर्वेक्षणं आहेत. जिल्ह्याबद्दल काही सांगतात, तुमच्या गल्लीतल्या शाळेबद्दल काहीच नाही.

शाळेपुरतं पाहायचं तर नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आहेत, शिक्षक त्यांना 'पॅट' म्हणतात. पेपर बाहेरून येतो पण तपासणी शाळेतच होते, त्यामुळे दोन शाळांचे गुण एकमेकांशी ताडू नका. एकाच शाळेतली पायाभूत चाचणी आणि वर्षाअखेरची चाचणी यांतला फरक बघा, आणि तळाची पाच मुलं कुठून कुठे आली ते विचारा. हा प्रश्न ऐकल्यावर चांगले शिक्षक वही काढतात.

शाळेत एक सकाळ

परवानगी घेऊन जा, साधारण साडेदहा-अकराच्या सुमाराला, आणि परीक्षेचा किंवा कार्यक्रमाचा दिवस टाळा. शनिवारीही नको, त्या दिवशी सकाळची शाळा असते.

आधी उपस्थिती. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. नाव घातलेलं मूल आणि रोज येणारं मूल यांतला फरक संस्थानाला ठाऊक होता. राज्याला तो पुन्हा ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत दिसला, जेव्हा एकाच वेळी सगळ्या शाळांत मुलं प्रत्यक्ष मोजली गेली. तुम्हाला मुलं मोजायची गरज नाही. पोषण आहाराच्या नोंदवहीत रोज किती मुलं जेवली ते असतं. जुलै, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतला एकेक आठवडा काढा आणि पटाशी ताडा. शिरोळ किंवा चिखली-आंबेवाडीकडच्या शाळा असतील तर पुराचे आठवडे वगळा, त्या काळात शाळेतच कुणी राहायला असू शकतं.

मग वाचन. तिसरी-चौथीच्या वर्गात मुलांच्या हातात गोष्टीची पुस्तकं आहेत का, की ती कपाटात कुलूपबंद आहेत? गुरुजींची हरकत नसेल तर मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाशेजारी बसून पुस्तक वाचून घ्या. असरमधली मोजपट्टी साधी आहे: दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येतो का, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमतं का. पाचवीच्या मुलांना हे यायला हवं. पण दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा सगळ्या वर्गापुढे घेऊ नका.

स्वच्छतागृहात पाणी येतं का, हे युडायसवर लिहिलेलं असलं तरी स्वतः पाहा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, तेही. डिजिटल वर्ग असेल तर तो शेवटचा कधी लावला ते मुलांना विचारा. मुलं खरं सांगतात. रंगरंगोटीवर मात्र फार भाळू नका, ती एखाद्या अभियानाच्या तपासणीसाठी महिन्याभरापूर्वी झालेली असू शकते.

आकडे कुणी दिले नाहीत तर

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या सदस्याने मासिक बैठकीत इयत्तावार पट, उपस्थिती आणि परीक्षेला बसलेल्या मुलांचा आकडा मागितला तर तो नाकारायचं कारण नाही. पुढचा माणूस केंद्रप्रमुख. दहा-बारा शाळा त्यांच्या डोळ्यांखाली असतात आणि त्यांना बहुतेक सगळं तोंडपाठ असतं. त्यानंतर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. शहरात महापालिकेचे प्रशासनाधिकारी.

तरीही हलत नसेल तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज, तीस दिवसांची मुदत, झेरॉक्सला पानामागे दोन रुपये. 'शाळेची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर फिरवाफिरवी होईल. 'सन 2022-23 ते आजअखेर इयत्तावार पटसंख्या, आणि शिष्यवृत्ती परीक्षेस प्रविष्ट व पात्र विद्यार्थ्यांची वर्षनिहाय संख्या' असं नेमकं लिहा. मुलांची नावं, जात, आधार यातलं काही मागू नका. ते मिळणार नाही, आणि तुलनेला त्याची गरजही नाही.

एका कागदावर

आडव्या रकान्यात शाळा, उभ्यात सहा ओळी: पहिलीचा पट चार वर्षांचा, तुकडी टिकली की गळाली, शिक्षकामागे मुलं, वर्गपटाच्या तुलनेत पात्र मुलं, सरासरी उपस्थिती, वाचनाबद्दल तुम्ही स्वतः पाहिलेलं एक वाक्य. या सहांची बेरीज करून क्रमांक लावू नका. तुमचं मूल लाजरं असेल तर शिक्षकामागची मुलं हा आकडा जास्त मोलाचा, आणि दोघं पालक कामावर जात असतील तर घरापासूनचं अंतर सगळ्याच्या वर. ग्रामसभेत हा कागद मांडायचा असेल तर शाळांची नावं भांडणाला कारण होतात. आपल्याच शाळेची चार वर्षं मांडा आणि एकच मागणी ठेवा, उदाहरणार्थ रिकामं पद भरण्याची.

हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत उरकावं. पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत, आणि पाडव्याला बऱ्याच शाळा नावं नोंदवून घेतात. जन्मदाखला आणि मुलाचं आधार यांवरचं नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळते का ते तेव्हाच पाहून घ्या. नाही जुळली तर जूनमध्ये तुमचं मूल वर्गात बसेल आणि संचमान्यतेत दिसणार नाही.